आठवीपर्यंत ठेवलं, नववीत नको म्हणाले. आता पुढे? (इंदूर)

अवंती_सुदामानगर | ४ एप्रिल, रात्री ११.१०

नमस्कार. पहिल्यांदाच धागा काढते आहे. लांबला तर सांभाळून घ्या.

माझ्या मुलाला गेल्या महिन्यात १५ पूर्ण झाली. डाउन सिंड्रोम आहे. त्याला इथे सोनू म्हणते. केजीपासून घराजवळच्याच शाळेत गेला, पूर्ण फी भरून. शिक्षकांनी जीव लावला, मुलंही चांगली होती. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आम्हाला बोलावलं आणि सांगितलं, "आठवीपर्यंत आम्ही सांभाळलं. नववीत बोर्डाचं रजिस्ट्रेशन होतं, निकालाचा प्रश्न येतो. तुम्ही आता दुसरीकडे सोय बघा." टीसीचा कागद टाइप करून टेबलावर ठेवला होता, फक्त आमची सही व्हायची होती. मी पाणी प्यायचं निमित्त करून बाहेर आले.

सोनूला दुसरी-तिसरीचं हिंदी वाचता येतं. दुकानांच्या पाट्या, बसच्या पाट्या वाचतो. नोटा ओळखतो, पण सुटे किती परत यायला हवेत ते कळत नाही. आंघोळ, कपडे स्वतःचे स्वतः. शर्टाचं वरचं बटण राहतं. घरात मराठी बोलतो, बाहेर हिंदी. माणसांची भारी आवड.

ह्यांचं म्हणणं, काहीही करून दहावी करायचीच. सासूबाई म्हणतात, "कशाला पोराचे हाल? घरी राहू दे, मी आहे ना." त्यांचं वय ७४. मी या दोघांच्या मध्ये उभी आहे आणि रात्री झोप लागत नाही. ज्यांची मुलं या वयातून पुढे गेली त्यांनी काय केलं? आज मागे वळून बघताना काय आधी करायला हवं होतं असं वाटतं?

---

बापू_रामबाग | ४ एप्रिल, रात्री ११.२४

टीसीवर सही करू नका. बाकी सगळं नंतर.

---

शिरीष_भोपाळ | ५ एप्रिल, सकाळी ७.४५

बापूंशी सहमत. शाळा नेमकी आठवीनंतरच का थांबते, ते सांगतो. शिक्षण हक्क कायदा, २००९ चा, तो ६ ते १४ वयासाठी आणि आठवीपर्यंतच आहे. त्यामुळे बऱ्याच शाळांना वाटतं की आठवी झाली, आपण मोकळे. पण दिव्यांग मुलांसाठी दुसरा कायदा आहे, दिव्यांगजन अधिकार अधिनियम २०१६. त्याचं कलम ३१ सांगतं की ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगता असलेल्या मुलाला ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. जवळच्या शाळेत घ्यायचं की विशेष शाळेत, ही निवड त्याची. कलम १६ सरकारी मदत मिळणाऱ्या आणि सरकारमान्य, दोन्ही प्रकारच्या शाळांबद्दल बोलतं आणि भेदभाव न करता प्रवेश द्या म्हणतं.

खरं ते सांगायला हवं. मोफत शिकवण्याची जबाबदारी सरकारची आहे, त्यामुळे खासगी शाळेत फी माफ होईलच असं समजू नका. शिवाय कलम १६ ची सुरुवात "प्रयत्न करतील" अशी आहे, त्यामुळे वकील त्यावर वाद घालू शकतात. पण शाळेच्या तोंडी बोलण्यापेक्षा हा कागद नक्कीच वजनदार आहे.

म्हणून पहिलं काम: साध्या भाषेत अर्ज लिहा. "माझ्या मुलाला नववीत का घेत नाही, ते लेखी कळवावे." दोन्ही कलमं नमूद करा. आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय परत येऊ नका. लेखी कारण द्यायची वेळ आली की बोलण्याचा सूर बदलतो, हे मी तीन घरांत पाहिलं आहे.

शाळा कुठल्या बोर्डाची? सीबीएसई असेल तर तिसऱ्या भाषेतून सूट, लेखनिक, तीन तासांच्या पेपरला एक तास जादा, विषय निवडण्यात मोकळीक, असं बरंच मिळतं.

---

अवंती_सुदामानगर | ५ एप्रिल, सकाळी ९.०२

सीबीएसईच. हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. प्रमाणपत्र ७५ टक्क्यांचं आहे, यूडीआयडी, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचं कार्डही झालंय.

---

मेधाताई_विशेषशिक्षक | ५ एप्रिल, दुपारी २.३०

अवंतीताई, मी १९ वर्षं बौद्धिक दिव्यांग मुलांबरोबर काम करते. कायद्याचं शिरीषजींनी नीट सांगितलं. मी घरातल्या कामाबद्दल लिहिते. ते आजपासून सुरू करता येतं आणि त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

तुम्ही लिहिलंत "शर्टाचं वरचं बटण राहतं." या एका वाक्यात मला तुमच्या मुलाबद्दल पुष्कळ कळलं. आम्ही मुलाला तपासताना "येतं की येत नाही" एवढ्यावर थांबत नाही. सिकंदराबादच्या बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेने बनवलेली एक तपासणी सूची आहे, देशभरातल्या विशेष शाळा ती वापरतात. तिच्यात प्रत्येक कामापुढे लिहायचं असतं: स्वतः करतो, खुणेने करतो, सांगितल्यावर करतो की हाताला हात लावावा लागतो. दर तीन महिन्यांनी पुन्हा बघायचं. हात लावावा लागत होता तिथे आता सांगून भागतं, म्हणजे मूल पुढे गेलं. मार्कांमध्ये हे कुठेच दिसत नाही. म्हणून आईबापांना वाटतं, काही होतच नाहीये.

आता पोहे घ्या, आपल्या इंदूरचेच. पोहे करायला शिकवायचे म्हणजे आपण पहिल्या पायरीपासून सुरू करतो: पोहे निवड, भिजव, निथळत ठेव. तिसऱ्या पायरीवर मूल अडकतं, आपण हातातून काम घेतो, आणि तयार प्लेट आपल्या हातून येते. त्याच्या वाट्याला फक्त अडकणं येतं. उलट करा. सगळं तुम्ही करा आणि शेवटची पायरी त्याला द्या: प्लेटमध्ये वाढून वर शेव, कोथिंबीर आणि जीरावन मसाला घालणं. प्लेट त्याच्या हातून आजीला जाते, शाबासकी त्याला मिळते. ते आठ दिवसांत पक्कं झालं की त्याच्या आधीची पायरी द्या: झाकण काढून हलवणं. मग त्याच्या आधीची. फोडणी सगळ्यात शेवटी. माझ्याकडच्या एका मुलीला पूर्ण पोहे यायला सात महिने लागले. आज ती रोज सकाळी घरातल्या सहा जणांचे पोहे करते. गॅस बंद केल्यावर नॉबला हात लावून मोठ्याने "बंद" म्हणते. ते तिचं तिनेच बसवलं.

बटणाचंही तसंच. वरचं बटण डोळ्याला दिसत नाही म्हणून राहतं. आरशासमोर उभं करा, खालून वर लावायला शिकवा, म्हणजे वरचं शेवटी येईल आणि आरशात दिसेल.

सोनूच्या वयात हे सगळं सुरू व्हायला हवं: पैसे, घड्याळ, फोन लावणं, पत्ता सांगणं, बस. दहावी करायची की नाही ते त्यानंतर ठरवा.

---

किशोर_राऊ | ५ एप्रिल, संध्याकाळी ६.१५

मेधाताई, आदर ठेवून असहमती नोंदवतो. "दहावी नंतर ठरवा" म्हणता म्हणता वर्षं निघून जातात.

माझी मुलगी बौद्धिक दिव्यांग आहे, सौम्य. आम्ही एनआयओएसमधून दहावी केली, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय. १४ वय पूर्ण असलं की दहावीला नाव नोंदवता येतं. पाच विषय लागतात. ते एकदम द्यायची सक्ती नाही. एकदा नाव नोंदवलं की पाच वर्षं हातात असतात आणि परीक्षेच्या नऊ संधी. वर्षातून दोनदा परीक्षा होते. पास व्हायला ३३ टक्के. आम्ही हिंदी, गृहविज्ञान आणि चित्रकला आधी केली, मग डेटा एंट्री, शेवटी सामाजिक विज्ञान. गणित घ्यावंच लागत नाही, हे कळलं तेव्हा आमच्या घरात सणासारखा दिवस गेला. भाषांमध्ये मराठीही आहे, ती इंदूर-देवासच्या मराठी घरांनी लक्षात ठेवावी.

तीन वर्षं लागली. दोनदा नापास झाली. तिसऱ्यांदा निकाल आला तेव्हा मी दुकान बंद करून घरी आलो.

तो कागद महत्त्वाचा आहे. बऱ्याच कोर्सेसना आणि नोकऱ्यांना अर्जावर पहिली ओळ "दहावी उत्तीर्ण" अशीच असते. सरकारी नोकरीत ४ टक्के राखीव आहेत, त्यातला १ टक्का ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगता, शिकण्यातली अक्षमता वगैरेंचा. पण दहावीच नसेल तर तिथवर पोचायचं कसं?

---

उत्तरा_व | ५ एप्रिल, रात्री १०.५०

मी पालक नाही. मी बहीण आहे. माझा दादा ३६ वर्षांचा आहे.

किशोरकाका, माझ्या बाबांनीही हेच केलं. दादाची दहावी झाली. सर्टिफिकेट बैठकीच्या खोलीत फ्रेम करून लावलंय, गणपतीच्या फोटोशेजारी. त्यासाठी सहा वर्षं सगळं घर धावलं. त्या सहा वर्षांत दादाला एकट्याने रस्ता ओलांडायला कुणी शिकवलं नाही, कारण वेळच नव्हता, शिकवणी होती. मागच्या वर्षी आई पडली, बाबा आधीच गेलेले. दादा घरात एकटा होता. त्याला फोन लावता आला नाही. तो तीन तास आईजवळ बसून राहिला, तिच्या अंगावर पांघरूण घालून. मी ऑफिसमधून आले तेव्हा म्हणाला, "आई झोपली आहे, आवाज करू नको."

आई आता बरी आहे. पण ते तीन तास माझ्या मनातून जात नाहीत.

आणखी एक. घरात दुसरं मूल असेल तर त्याच्याशी बोला. "तुझ्या दादाला तूच बघायचं आहेस" हे मला नववीत असताना कुणीतरी पाहुण्याने सांगितलं. आईबाबांनी कधी विषयच काढला नाही. मी बघणारच आहे. पण मला कुणी विचारलं असतं तर मी जास्त आनंदाने "हो" म्हटलं असतं.

---

मालवी_मिरची | ५ एप्रिल, रात्री ११.०५

उत्तराताई, वाचून गप्प झाले. 🙏

---

किशोर_राऊ | ६ एप्रिल, सकाळी ८.२०

उत्तरा, बेटा, तू म्हणतेस ते बरोबर आहे. माझी मुलगी रस्ता ओलांडते का, असं मी आज सकाळी बायकोला विचारलं. ती म्हणाली, "माझा हात धरून."

आजपासून सुरू करतो.

---

आदित्य_ग्वाल्हेर | ६ एप्रिल, दुपारी १२.४०

मला सेरेब्रल पाल्सी आहे, वय ३१, बँकेत नोकरी करतो. चालताना काठी लागते, बोलणं थोडं अस्पष्ट आहे. बुद्धी शाबूत आहे, पण बारावीपर्यंत प्रत्येक नव्या शिक्षकाला ते सिद्ध करून दाखवावं लागलं. बोर्डाच्या परीक्षेत माझा लेखनिक "सोल्व्ह" म्हटलं की "सॉल्ट" लिहायचा. तासाला २० मिनिटं जास्त मिळायची, ती सगळी त्याच्या चुका दुरुस्त करण्यात जायची. पालकहो, लेखनिकाबरोबर आधी महिनाभर सराव करा, परीक्षेच्या दिवशी नवा माणूस नको.

लिहायला आलो ते वेगळ्या कारणासाठी. वर आठ प्रतिसाद झाले. आई बोलली, वडिलांचं मत आलं, आजीचं आलं, शाळेचं आलं. सोनूला काय हवंय, हे कुणी विचारलं का? तो १५ वर्षांचा आहे. १५ व्या वर्षी मला क्रिकेटचा स्कोअरर व्हायचं होतं, आणि घरात सगळे माझ्या फिजिओथेरपीबद्दल बोलत होते.

---

अवंती_सुदामानगर | ६ एप्रिल, रात्री ९.३०

आदित्य, खरं सांगते, नव्हतं विचारलं.

आज जेवताना विचारलं. "सोनू, तुला मोठं होऊन काय करायचं?" त्याने विचारसुद्धा केला नाही. "दुकान." कसलं दुकान? "काकांचं. शेव." आमच्या गल्लीच्या तोंडाशी नमकीनचं दुकान आहे, तो येता-जाता तिथे उभा राहतो. मला वाटायचं, खायला मिळतं म्हणून.

---

सूरसागर_बडोदा | ६ एप्रिल, रात्री १०.१०

वा! उत्तर मिळालं की!

आमच्या सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. आजोबा सांगायचे, मुलं शाळेत पाठवली नाहीत तर दंड व्हायचा. सव्वाशे वर्षं होत आली, आणि एका आईला शाळेच्या दारात टीसी धरायला लावतात, याचं वाईट वाटतं.

बडोद्यात दिव्यांग महिलांसाठी केंद्र सरकारचं व्यवसाय मार्गदर्शन केंद्र आहे. मुली असतील त्यांनी चौकशी करावी. मध्य प्रदेशचं जबलपूरला आहे.

---

मालवी_मिरची | ६ एप्रिल, रात्री १०.३२

मेधाताई, अवांतर विचारते. पोह्यांत साखर घालता की नाही? आणि बडीशेप?

---

मेधाताई_विशेषशिक्षक | ६ एप्रिल, रात्री १०.४०

साखर चिमूटभर, बडीशेप हवीच. कांदा फोडणीत नाही, वरून कच्चा. माझ्या मुलांना मी असंच शिकवते, कारण कच्चा कांदा घालणं ही आणखी एक सोपी शेवटची पायरी होते. 😊

---

बापू_रामबाग | ६ एप्रिल, रात्री १०.४४

वर डाळिंबाचे दाणे राहिले.

---

रेवा_देवास | ७ एप्रिल, दुपारी ४.००

मुली असलेल्या घरांसाठी लिहिते. माझी मुलगी १७ ची आहे, ऑटिझम. पाळी सुरू होण्याच्या आधी वर्षभर आम्ही तयारी केली. पॅडवर लाल रंगाचं पाणी टाकून, कधी बदलायचं ते दाखवलं. बदलणं, गुंडाळणं, कचऱ्यात टाकणं, हात धुणं, अशी चार चित्रं बाथरूमच्या दारावर चिकटवली. पाळी आली त्या दिवशी ती घाबरली नाही, चित्राकडे बोट दाखवलं. मुलगा असो की मुलगी, कुठे कपडे बदलायचे, कुणी कुठे हात लावायचा नाही, "नको" कसं म्हणायचं, हे या वयात शिकवलंच पाहिजे. "त्याला काय कळतं" म्हणून राहून जातं आणि पुढे फार महाग पडतं.

आणि सरकारी शाळेला नावं ठेवू नका. मी स्वतः सरकारी शाळेत शिकवते. समग्र शिक्षा योजनेत दिव्यांग मुलामागे वर्षाला ३५०० रुपयांपर्यंत तरतूद आहे, मुलींना वरून महिन्याला २०० रुपये दहा महिने. आमच्या ब्लॉकचे मोबाइल स्रोत सल्लागार, म्हणजे शाळाशाळांत फिरणारे विशेष शिक्षक, महिन्यातून येतात. त्यांच्याकडे शाळा पुष्कळ आणि माणूस एक, म्हणून पुरे पडत नाहीत. पण आमच्याकडे टीसी टाइप करून कुणी ठेवत नाही.

---

मधुकरकाका | ७ एप्रिल, रात्री ८.१५

मी केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त. मुलगा ४१ वर्षांचा, बौद्धिक दिव्यांग, माझ्याजवळ असतो. जे उशिरा कळलं ते लिहितो.

अवंती, सोनूला तीन वर्षांनी १८ पूर्ण होतील. त्या दिवसापासून कायद्याने तुम्ही त्याचे पालक राहत नाही. आई-बाप असता, पण बँकेत, कोर्टात, मालमत्तेत त्याच्या वतीने सही चालत नाही. मुलगा २४ वर्षांचा असताना बँकेत त्याच्या खात्यावरून पैसे काढायला गेलो आणि काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "आप गार्जियन हैं, इसका कागज?" मी म्हटलं, "मैं इसका बाप हूँ." तिची चूक नव्हती.

त्यासाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९ आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता आणि बहुदिव्यांगता, एवढ्यांसाठी. कलेक्टरच्या अध्यक्षतेखाली जिल्ह्यात स्थानीय समिती असते, ती कायदेशीर पालकत्व देते. तिचं पत्र बँकांनी मान्य करावं असं रिझर्व्ह बँकेने सांगितलेलं आहे. कोर्टात जावं लागत नाही. १८ पूर्ण झाले की लगेच अर्ज करा.

याच न्यासाची निरामय नावाची आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला १ लाखापर्यंत. थेरपी आणि बाह्यरुग्ण खर्चही त्यात येतो. दरवर्षी नूतनीकरण करायचं विसरू नका.

माझ्यासारखे पेन्शनर असतील त्यांच्यासाठी: जो मुलगा स्वतः कमावू शकत नाही, त्याला आई-वडिलांनंतर आयुष्यभर कौटुंबिक पेन्शन मिळते. पण आपण जिवंत असतानाच त्याचं नाव पेन्शनच्या आदेशात चढवून घ्या. नंतर बहीण-भावांना प्रमाणपत्रं गोळा करत फिरावं लागतं. आयकरात अशा मुलाच्या सांभाळासाठी ७५,००० रुपयांची वजावट आहे, ८० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगता असेल तर १,२५,०००, फक्त जुन्या करप्रणालीत. सोनूचं ७५ टक्के आहे, म्हणजे पहिली.

प्रमाणपत्रावरची मुदत बघा. आमची संपली होती, मला दोन वर्षं पत्ता नव्हता.

---

आदित्य_ग्वाल्हेर | ७ एप्रिल, रात्री ९.००

काका, फार उपयोगी. एकच जोडतो, कारण यात माझ्यासारखे लोक भरडले जातात. पालकत्वाची गरज प्रत्येकाला नसते. माझ्या वडिलांना कुणीतरी माझ्यासाठीही अर्ज करायला सांगितलं होतं, सेरेब्रल पाल्सी यादीत आहे म्हणून. मी स्वतः लोकांची कर्जं तपासतो! २०१६ च्या कायद्यात मर्यादित पालकत्व आहे, त्यात ठरावीक गोष्टींसाठी आणि ठरावीक काळापुरते, दोघांनी मिळून निर्णय घ्यायचे. आधी बघा मूल स्वतः काय ठरवू शकतं, उरलेल्यापुरतीच मदत घ्या.

---

मधुकरकाका | ७ एप्रिल, रात्री ९.२०

मान्य. माझा मुलगा कुठला शर्ट घालायचा ते ठरवतो आणि त्यात मी कधी जिंकलेलो नाही.

---

सुमनआजी | ८ एप्रिल, सकाळी ११.००

नातू लिहून देतो आहे, मी सांगते. अवंती, तुझ्या सासूबाईंवर रागावू नकोस. माझी नात अशीच आहे. मीही म्हटलं होतं, घरी राहू दे. मला भीती होती की बाहेर लोक हसतील. एकदा लग्नात एका बाईने तिच्या मांडीवरून मूल काढून घेतलं होतं, ते मी पाहिलं होतं. मग मेधाताईंसारख्या एका बाईंनी मला शाळेत बोलावलं आणि नातीने मला चहा करून दिला. तेव्हा कळलं की मी हिला जपत नव्हते, स्वतःला जपत होते. सासूबाईंना घेऊन जा. नुसतं सांगून त्यांना पटणार नाही, डोळ्यांनी बघू दे.

---

अवंती_सुदामानगर | २ मे, रात्री १०.४५

उशीर झाला, क्षमा. महिन्यात बरंच झालं.

शाळेला अर्ज दिला, शिक्का घेतला. बारा दिवसांनी पत्र आलं, "प्रकरण विचाराधीन आहे." लेखी नकार नाही. टीसीचा विषय पुन्हा निघाला नाही. दरम्यान किशोरदादांशी फोनवर बोलून एनआयओएसची माहिती घेतली. गणित घ्यावं लागत नाही हे ह्यांना कळल्यावर तेही निवळले. यंदा हिंदी आणि चित्रकला, बाकी पुढे. घाई नाही, असं ते स्वतःच म्हणाले.

आणि दुकान. नमकीनवाले काका म्हणाले, "भेजो, बैठेगा मेरे पास." संध्याकाळी एक तास. काम काय, तर पाव किलोची पाकिटं भरायची. हिशेब येत नाही, पण काट्यावरचे आकडे तो चित्रासारखे जुळवतो. काकांनी पुठ्ठ्यावर मोठं "२५०" लिहून काट्याच्या शेजारी लावलंय. पुठ्ठा आणि काटा सारखे दिसले की पाकीट बंद. काल मी लांबून बघत होते. काट्यावर २४८ आलं. गिऱ्हाईक म्हणालं, "चलेगा बेटा." सोनू म्हणाला, "नहीं चलेगा." चिमटीत एक शेव घेतली, टाकली. २४९. अजून एक अर्धी मोडून टाकली. २५०. मग पाकीट दिलं. गिऱ्हाईक हसत थांबलं होतं. सासूबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. घरी येताना म्हणाल्या, "त्याचं वरचं बटण लागलेलं होतं, पाहिलंस?"

---

उत्तरा_व | २ मे, रात्री ११.००

दादाला वाचून दाखवलं. त्याने विचारलं, "उरलेली अर्धी शेव कुणी खाल्ली?"

---

अवंती_सुदामानगर | २ मे, रात्री ११.०४

सोनूनेच. 😊

---

मेधाताई_विशेषशिक्षक | ३ मे, सकाळी ७.३०

डोळे भरून आले. आता दोन गोष्टी, ताई म्हणून. तो १५ चा आहे, तेव्हा हे शिकणं आहे, तासाभराच्या पुढे नेऊ नका, आणि तळणीच्या कढईजवळ बिलकूल नाही. दुसरं, काकांशी आत्ताच बोलून ठेवा की १८ नंतर तो काम करेल तर पगार असेल, कमी का होईना. "शिकतोय" म्हणून वर्षानुवर्षं फुकट राबलेली मुलं मी बघितली आहेत. पहिला पगार त्याच्या हातात, त्याच्या खात्यात.

पुढची पायरी सुटे पैसे नको. क्यूआर दाखवून पैसे घेणं आणि आवाज ऐकून "आले" म्हणणं.

---

शिरीष_भोपाळ | ३ मे, सकाळी ९.१५

"विचाराधीन" वर थांबू नका, जुलै येईल आणि वर्ग भरलेले असतील. मंगळवारी कलेक्टर ऑफिसात जनसुनवाई असते, तिथे अर्ज द्या. दाद मिळाली नाही तर राज्याच्या दिव्यांगजन आयुक्तांकडे जाता येतं.

---

अवंती_सुदामानगर | ३ मे, सकाळी ९.४०

या मंगळवारी जाते. सोनूलाही घेऊन जाऊ का?

---

आदित्य_ग्वाल्हेर | ३ मे, सकाळी ९.५२

त्याला विचारा.

---

बापू_रामबाग | ३ मे, सकाळी १०.०५

मी रामबागेतच आहे, गाडी घेऊन येतो. सगळ्या कागदांच्या तीन-तीन झेरॉक्स, मध्य प्रदेशचा समग्र आयडी, यूडीआयडी, आणि शाळेचं ते "विचाराधीन"वालं पत्र सगळ्यात वर ठेवा.